प्लेगचा धडा आणि हिंदमाताचं पाणी

मध्य मुंबईतल्या एका उर्दू शाळेत मी मराठी शिकवते. माझे मामू लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मदनपुऱ्याच्या विणकरांची जुनी वाट हीच. घरचा माग सुटला की गिरणीचा साचा. तीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून मामूंचे कान गेले. गिरणी बंद झाली, पण कान काही परत आले नाहीत.

२९ ऑगस्ट २०१७ ला मामू परळला दवाखान्यात गेले होते. त्या दिवशी पावसानं मुंबई बुडवली. परतताना हिंदमाताजवळ ते कमरेएवढ्या पाण्यातून चालत होते आणि मागून लोक ओरडत होते, "चाचा, उधर मत जाओ, गटर खुला है!" मामूंना काही ऐकू आलं नाही. एका अनोळखी पोरानं पाण्यात उतरून त्यांचा हात धरला, म्हणून मामू घरी आले. त्याच दिवशी जवळच्याच एल्फिन्स्टन भागात शहरातले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. डोळे-कान शाबूत असलेल्या माणसाची ही गत, तर आंधळ्या, बहिऱ्या, कुबड्यांवर चालणाऱ्या माणसानं त्या पाण्यात काय करायचं?

मार्च २०२२ मध्ये महापालिकेनं मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. पूर, उष्णता, हवा, कचरा, वाहतूक, वीज, सगळ्याचा विचार त्यात आहे आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे. काम मोठं आहे, गरजेचंही आहे. त्यासाठी आदल्या वर्षी नागरिकांकडून सूचनाही मागवल्या होत्या. पण मामूंसारख्या माणसापर्यंत असं बोलावणं पोहोचतं का? ज्यांच्या जिवासाठी योजना करायची, त्यांना विचारलं नाही तर काय होतं, हे या शहरानं एकदा भोगलेलं आहे.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मांडवीत प्लेग आला. लोक शहर सोडून पळू लागले. १८९७ मध्ये सरकारनं साथरोग कायदा केला आणि त्याच्या जोरावर तपासणी पथकं घराघरांत शिरू लागली. आजारी माणसाला उचलून इस्पितळात न्यायचं, घरच्यांना छावणीत ठेवायचं, सामान जाळायचं. हेतू जीव वाचवण्याचाच होता, पण लोकांना दिसत होते ते शिपाई. पडद्यातल्या बायकांना परका पुरुष तपासणार या विचारानंच घरं हादरत होती. इस्पितळात गेलेला परत येत नाही, हा समज पक्का झाला होता. लोक आजारी माणसं लपवू लागले आणि साथ आणखी पसरली.

९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात पथक एका विणकराच्या घरातली आजारी मुलगी न्यायला आलं. घरच्यांनी विरोध केला, मोहल्ला जमला, दगड उडाले, गोळीबार झाला, माणसं मेली. दंगल शहरभर पसरली. माझ्या मामूंचं घर ज्या गल्ल्यांमध्ये आहे, तिथलीच ही गोष्ट. आमच्या पाठ्यपुस्तकात पुण्याचा रँड आहे, मदनपुऱ्याची ती मुलगी नाही.

याच शहरात याच साथीत उलटंही घडलं. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांना लशीची धास्ती होती. तेव्हा विशीच्या आसपासच्या आगाखानांनी चारचौघांत स्वतः लस टोचून घेतली आणि आपल्या खोजा जमातीला तयार केलं. पुढे हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ती हाफकिन संस्था आजही तिथेच आहे. एकीकडे बंदुकीनं जे जमलं नाही, ते दुसरीकडे भरवशानं जमलं. खोजांकडे पैसा होता, वजन होतं, सरकारदरबारी बोलणारा माणूस होता. मदनपुऱ्याच्या विणकरांकडे तो नव्हता. फरक इथेच पडला.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. शहरात हवा खेळावी म्हणून दाट वस्त्या पाडून रस्ते काढायचे ठरले. गिरगाव चौपाटीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट आणि आमचा महंमद अली रोड ही त्याच ट्रस्टची कामं. दादर-माटुंग्याच्या झाडीतल्या कॉलन्याही त्याच्याच. हवा आली, हे खरंच. पण ज्यांची खोली पाडली, त्यांना दादरच्या नव्या घराचं भाडं कुठून परवडणार? ते शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत शिरले. गर्दी संपली नाही, तिनं फक्त जागा बदलली. आज पूररेषेतली किंवा नाल्याकाठची वस्ती हलवायचं ठरतं, तेव्हा हे आठवायला हवं. ज्याचं पोट भायखळ्याच्या फुटपाथवर आहे, त्याला लांबवरचं सुरक्षित घरसुद्धा महागच पडतं.

दादरची अंध मुलींची शाळाही त्याच काळातली. १८९९-१९०० मध्ये पाऊस रुसला आणि पश्चिम हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडला. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची शाळा झाली. खायला नसलं की मुलांचे डोळे जातात, हे डॉक्टर आजही सांगतात. म्हणजे ऋतू बिघडतो तेव्हा अपंग माणसं आधी सापडतातच, पण बिघडलेला ऋतू धडधाकट माणसालाही अपंग करून जातो. आपण सगळेच त्या रांगेत उभे आहोत, कोणी पुढे, कोणी मागे.

कायदा आता आपल्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या आठव्या कलमात नैसर्गिक आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण द्यायचं बंधन आहे. पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही दिव्यांगांच्या हक्कांचा उल्लेख आहे. पण कागद माणसाला पाण्यातून बाहेर काढत नाही.

कुरआनातली 'अबस' ही सूरह मुलं मदरशात पाठ करतात. पैगंबर (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना इब्ने उम्मे मकतूम हे अंध सहाबी प्रश्न घेऊन आले आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, त्यावर ती उतरली. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. याच अंध माणसाकडे पुढे अजानचं काम आलं, आणि पैगंबर बाहेर असताना मदिनेचा कारभारही. त्यांच्यावर नुसती दया केली नाही, जबाबदारी दिली.

आराखड्याच्या बाबतीत माझं मागणं एवढंच आहे. हिंदमाताचं पाणी उतरावं म्हणून दादर-परळला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या, चांगलं केलं. आता वॉर्डाच्या बैठकीत कुबड्या घेऊन येणारा माणूसही बसवा. बैठक तळमजल्यावर घ्या, खुणांची भाषा जाणणारा माणूस ठेवा. इशारा भोंग्यावरून द्या, तसा मोठ्या अक्षरांत, मराठीत, उर्दूत, हिंदीतही लिहून द्या. कोणत्या चाळीत, कोणत्या मजल्यावर कोण एकट्यानं उतरू शकत नाही, याची यादी मोहल्ल्यातल्या लोकांनाच करू द्या. हे काम आपल्या मशिदी, मंडळं, शाळाही करू शकतात. त्यासाठी सरकारची वाट बघायची गरज नाही.

यंदा जूनच्या आधी मी नववीच्या मुलांना आमच्या गल्लीची अशी यादी करायला सांगितली. दोन दिवसांत अकरा नावं आली. पहिलं नाव मामूंचं होतं. त्यांना वही दाखवली तर म्हणाले, "मेरा नाम तो लिख लिया. अब मुझे भी कुछ काम दो."

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याची यादी मामूंकडे आहे.