बालकांच्या धर्मशिक्षणातील पापकल्पना : न्यू इंग्लंडमधील दोन शतकांचा वाद

लहान मुलांना धर्म शिकविताना पाप आणि अपराध ह्यांचा उच्चार करावा किंवा नाही, हा प्रश्न आधुनिक बालमानसशास्त्राने प्रथम उपस्थित केला असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः मानसशास्त्राचा उदय होण्यापूर्वीच उत्तर अमेरिकेतील न्यू इंग्लंड ह्या प्रदेशात ह्या प्रश्नाची चर्चा सुमारे दोन शतके चालली होती. तिच्यात भाग घेणारे बहुतेक सर्व धर्मोपदेशक होते व धर्मावरील त्यांची निष्ठा संशयातीत होती. ह्या वादाचे वर्णन कठोर पिढी आणि कोमल पिढी ह्यांचा झगडा असे करण्यात येते. ते अगदीच चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. वादाच्या मुळाशी एक निराळा प्रश्न होता. पाप ही मुलाच्या हातून घडणारी कृती आहे, की मूल ज्या अवस्थेत जन्मास येते ती अवस्था आहे? ह्या प्रश्नाचे जे उत्तर दिले जाई, त्याच्या अनुरोधाने मुलांच्या पाठाचे स्वरूप ठरत असे.

प्युरिटन वसाहतकारांचे उत्तर निःसंदिग्ध होते. आदिपुरुष आदाम ह्याच्या पतनाबरोबर सर्व मानवजात पतित झाली, म्हणून नवजात अर्भकही पापाच्या अवस्थेत असते, हा त्यांचा सिद्धान्त होता. जॉन कॉटन ह्याने 1646 च्या सुमारास मुलांसाठी रचलेल्या लहानशा प्रश्नोत्तरावलीत मूल प्रारंभीच हे कबूल करते. पुढे ही प्रश्नोत्तरावली ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ ह्या अक्षरओळखीच्या पुस्तकात समाविष्ट झाली. बेंजामिन हॅरिस ह्याने 1690 च्या सुमारास बोस्टन येथे प्रथम छापलेल्या ह्या पुस्तकाची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत 1727 ची आहे. त्यातील पहिल्या अक्षराचे पद्यच आदामच्या पतनाविषयी आहे. अर्थात अक्षरज्ञान आणि पापज्ञान ह्यांचा आरंभ एकाच पानावर होत असे.

ह्या शिक्षणाला निव्वळ क्रौर्य मानणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. त्या काळी बालमृत्यू ही घरोघरची घटना होती. बोस्टनचा प्रसिद्ध धर्मोपदेशक कॉटन मेदर ह्याला 15 अपत्ये झाली. त्यांपैकी केवळ 2 त्याच्या मृत्यूनंतर जिवंत होती. 1713 च्या गोवराच्या साथीत त्याची पत्नी, नवजात जुळी आणि एक लहान मुलगी थोड्याच दिवसांच्या अंतराने मृत्यू पावली. इंग्लंडमधील जेम्स जेनवे ह्याने 1671-72 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ टोकन फॉर चिल्ड्रन’ ह्या पुस्तकात अल्पवयात धर्मनिष्ठेने मरण पावलेल्या मुलांची चरित्रे आहेत. मूल मरण्याइतके मोठे असेल, तर ते परलोकाच्या विचारालाही लहान नाही, हा त्यामागील युक्तिवाद होता. मेदर ह्याने 1700 मध्ये बोस्टन आवृत्तीला न्यू इंग्लंडच्या मुलांची चरित्रे जोडली. नरक सत्य आहे आणि मृत्यू उंबरठ्यावर आहे अशी ज्या पित्याची श्रद्धा, त्याला मौन हीच निर्दयता वाटणे स्वाभाविक होते.

ह्या शिक्षणाला दुसरा आधार चर्चच्या घटनेचा होता. ज्याला ईश्वरी कृपेने झालेल्या हृदयपालटाचा अनुभव सांगता येईल, त्यालाच पूर्ण सभासदत्व मिळे. सभासदांच्या मुलांचा बाप्तिस्मा शैशवातच होत असे. पण ती मोठी झाल्यावर त्यांतील अनेकांना असा अनुभव सांगता येईना. मग त्यांच्या मुलांचे काय, असा पेच पडला. 1662 च्या बोस्टन येथील धर्मपरिषदेने तडजोड करून अशा अर्धसभासदांच्या मुलांनाही बाप्तिस्मा देण्यास मान्यता दिली. ह्यामुळे बालकाचे स्थान मोठे विचित्र झाले. विधीने ते चर्चच्या आत होते, अनुभवाने बाहेर होते. आत येण्याचे द्वार हृदयपालटाचे, आणि त्या द्वाराची पहिली पायरी अपराधभावाची. तेव्हा मुलाच्या मनात अपराधभाव जागविणे हा शिक्षणाचा एक भाग राहिला नाही. ते शिक्षणाचे प्रयोजनच बनले.

ह्या पद्धतीचा परिणाम बालमनावर कसा होई, ह्याचे एक उत्कृष्ट साधन नॉर्थॅम्प्टनचा धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स ह्याने 1737 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेथील धर्मजागृतीच्या वृत्तान्तात मिळते. 1735 मध्ये फीबी बार्टलेट ह्या चार वर्षांच्या मुलीच्या ठिकाणी हृदयपालट झाल्याचे त्याने नमूद केले आहे. इतके लहान मूल काय समजणार, म्हणून आईवडील तिला स्वतंत्रपणे उपदेश करीत नसत. मोठ्या भावंडांना केलेला उपदेश ऐकून आणि अकरा वर्षांच्या भावाशी बोलून तिने हे सारे ग्रहण केले होते. पुढे एकदा ती मोठ्या मुलांबरोबर शेजाऱ्याच्या आवारातील आलुबुखार तोडून घरी आली. विचारल्याशिवाय घेणे ही चोरी असून चोरी हे पाप आहे, असे आईने सौम्यपणे सांगताच ती रडू लागली. आईने एका मुलास धाडून मालकाची परवानगी आणविली आणि आता खाण्यास हरकत नाही असे सांगितले. मुलगी क्षणभर शांत झाली. पण पुन्हा रडू लागली. परवानगी मिळाल्यावर रडण्याचे कारण काय, असे विचारता ते पाप होते म्हणून, असेच तिचे उत्तर होते. त्या फळाविषयीचा तिटकारा पुढे बरेच दिवस टिकला.

एडवर्ड्सने हा प्रसंग तिच्या कोमल सदसद्विवेकाचा पुरावा म्हणून दिला आहे. आजच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आईच्या मनात पाप ही कृती होती. कृतीची भरपाई होऊ शकते. मालकाची संमती मिळाली की प्रकरण मिटले. मुलीने मात्र पाप ही अवस्था म्हणून ऐकलेली होती, आणि अवस्थेला शेजाऱ्याच्या संमतीने उतार पडत नाही. एकाच घरात, एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टी शिकविल्या जात होत्या. त्यांतील जी अधिक गंभीर, ती मुलीने उचलली. तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्ग मात्र चार वर्षांच्या बुद्धीला आकळेल असा नव्हता.

बालकांना नरकाची भीती घातल्याचा आरोप एडवर्ड्सच्या हयातीतच झाला. 1742 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्याने त्याचे उत्तर दिले. धोकादायक जखम मुलाला झाली तरी शस्त्र चालवावेच लागते, असा त्याचा दृष्टान्त होता. जखम खरी असेल तर हा दृष्टान्त अभेद्य आहे. म्हणूनच पुढील टीकाकारांनी उपचारापेक्षा निदानावर हल्ला चढविला. मॅसॅच्युसेट्समधील सॅम्युएल वेब्स्टर ह्याने 1757 मध्ये निष्पाप अर्भकांना दुसऱ्याच्या पापासाठी शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा, असा प्रश्न केला. एडवर्ड्सचा आद्यपापाचे समर्थन करणारा ग्रंथ 1758 मध्ये बाहेर आला. 1828 मध्ये येल येथील नॅथॅनिएल टेलर ह्याने पाप हे माणसाच्या स्वतःच्या कृतीतच असते, असे प्रतिपादन केले. सिद्धान्ताच्या क्षेत्रात पाप अवस्थेकडून कृतीकडे सरकू लागले होते. मुलांच्या पाठात हा बदल उतरावयास मात्र आणखी काळ लागला.

तो बदल घडवून आणणारा ग्रंथ हार्टफर्डचा धर्मोपदेशक होरेस बुश्नेल (1802-1876) ह्याचा होय. मॅसॅच्युसेट्स सॅबथ स्कूल सोसायटीने 1847 मध्ये त्याची ख्रिस्ती संगोपनावरील प्रवचने प्रसिद्ध केली. सनातनी पक्षाचा नेता बेनेट टायलर ह्याने त्यांवर टीका करताच संस्थेने पुस्तक मागे घेतले, आणि बुश्नेलने ते स्वतः पुन्हा छापविले. 1861 मध्ये त्याची विस्तृत आवृत्ती निघाली. मूल प्रथम पापात वाढावे व मग एका क्षणी पालटावे, ही अपेक्षाच त्याने अमान्य केली. आपण कधी धर्माबाहेर होतो ह्याची आठवणही राहू नये, अशा रीतीने मूल वाढवावे, असे त्याचे मत होते.

तथापि बुश्नेल पापाचा निषेध करणारा नव्हता, हे ध्यानात घेणे अवश्य आहे. वाईट प्रवृत्ती वारशाने येतात हे त्याला मान्य होते. त्याचे म्हणणे असे की, कुटुंब हे एक सेंद्रिय एकक आहे. मुलाला शब्द कळण्यापूर्वीच आईबापांचा संताप, लोभ आणि कपट त्याच्यात झिरपते. अशा रीतीने अपराधाचे ओझे त्याने नाहीसे केले नाही. मुलाच्या खांद्यावरून काढून वडीलधाऱ्यांच्या खांद्यावर ठेवले. सतत दोषदर्शन करून मुलाच्या धर्मभावनेला नाउमेद करणाऱ्या वागणुकीवर 1861 च्या आवृत्तीत एक स्वतंत्र प्रकरण आहे. टायलरच्या आक्षेपातही तथ्य होते. सद्गुण जर घरच्या वळणानेच येत असतील, तर ईश्वरी कृपेचे प्रयोजन काय, आणि ज्याला चांगले वळण लाभले नाही त्याने आशा कशाच्या बळावर धरावी? ह्या प्रश्नाचे पूर्ण समाधान बुश्नेलच्या ग्रंथात मिळत नाही.

ह्या वादाचा महाराष्ट्राशी अप्रत्यक्ष पण खरा संबंध आहे. न्यू इंग्लंडच्या ह्याच काँग्रिगेशनल चर्चांनी 1810 मध्ये परदेशी मिशनांचे मंडळ स्थापले, आणि त्याचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईस आले. त्यांच्या शिकवणुकीसाठी मराठीत ‘पाप’ हाच शब्द उपलब्ध होता. पण त्याचा अर्थ येथे पूर्वीच ठरलेला होता. पाप हे पुण्याच्या जोडीने येणारे, साचणारे, आणि प्रायश्चित्ताने फिटणारे कर्म. शिवाय त्याला वयाची मर्यादा होती. पाच वर्षांखालील बालकास दोष नाही, आणि त्यापुढे अकराव्या वर्षापर्यंत त्याच्यासाठी पिता वा अन्य आप्ताने प्रायश्चित्त करावे, असे वचन मिताक्षरेत उद्धृत आहे. महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषी बालपणीच्या कृत्यासाठी शूळ भोगावा लागल्याबद्दल साक्षात धर्मालाच शाप देतो आणि चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्यास पातक मानले जाणार नाही अशी मर्यादा घालतो. संतवाङ्मयात भक्त स्वतःला पतित म्हणवितो, हे खरे. परंतु ती प्रौढ भक्ताची उक्ती आहे, आणि तिच्या जोडीला पतितपावनाचा उच्चार असतोच. त्यामुळे जन्मजात पापावस्थेचा पाठ मराठीत सांगताना शब्द जुना आणि अर्थ नवा, अशी स्थिती अपरिहार्यपणे निर्माण झाली.

विसाव्या शतकातील संशोधनाने ह्या जुन्या भेदाला वेगळ्या परिभाषेत दुजोरा दिला. लहान मूल दोषाचे मोजमाप हेतूपेक्षा झालेल्या नुकसानीवरून करते, असे पियाजे ह्याने 1932 मध्ये दाखविले. हेलन ब्लॉक लुईस हिने 1971 मध्ये अपराधभाव आणि लज्जा ह्यांतील भेद स्पष्ट केला. पहिल्यात ‘हे वाईट झाले’ ही जाणीव असते, दुसऱ्यात ‘मीच वाईट’ ही. पहिली जाणीव क्षमायाचनेकडे व भरपाईकडे नेऊ शकते. दुसरी मनुष्यास बहुधा लपण्यास प्रवृत्त करते. ह्या परिभाषेने प्युरिटन आईबापांना दोषी ठरविणे योग्य नाही, कारण त्यांच्या शिकवणुकीत अवस्थेच्या निदानाबरोबर कृपेचे आश्वासनही होते. उणीव एवढीच की, निदान मुलाच्या आवाक्यातील शब्दांत सांगितले गेले, आणि आश्वासन प्रौढांच्या अनुभवासाठी राखून ठेवले गेले.

ह्या इतिहासाने मूळ प्रश्नाचे सरळ होकारार्थी वा नकारार्थी उत्तर मिळत नाही. पण प्रश्न अधिक नेमका होतो. चोरी वाईट आहे हे मुलांस सांगू नये, असे एडवर्ड्स, टायलर वा बुश्नेल ह्यांपैकी कोणीही म्हटलेले नाही. वाद होता तो त्या वाक्याच्या पुढे काय यावे, ह्याविषयी. कृतीचा दोष दाखविताना तो दूर करण्याची वाटही त्याच वयाच्या भाषेत दाखविता येते, आणि तसा पाठ देण्यास ह्या इतिहासात कोणताही प्रतिबंध आढळत नाही. अवस्थेचा दोष मुलास सांगावयाचा, तर त्यावरील उपायही त्याच वयात त्याच्या हाती देता आला पाहिजे. न्यू इंग्लंडच्या शिक्षकांना दोन शतकांत ते साधले नाही, आणि अखेरीस त्यांच्याच परंपरेतील एका धर्मोपदेशकाला तो पाठ मुलांऐवजी पालकांपुढे ठेवावा लागला.