टीपकागदावरचा थेंब

इर्शाळगडाचा ट्रेक तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीला निघालेली माणसं पायी चढून गेली. वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत ठाकर-कातकऱ्यांच्या अशा वाड्या बऱ्याच आहेत. आता विचार करा, अशा वाडीतून रक्ताची नळी थंड ठेवून, वेळेत लॅबमध्ये कशी पोचवायची?

प्रश्न उगाच नाही काढला. सिकलसेलचंच बघा. महाराष्ट्रात तो काही नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं होतं. गावात होणारी विद्राव्यता चाचणी एवढंच सांगते की हिमोग्लोबिनमध्ये दोष आहे. पण ती मुलगी नुसती वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. आणि तिच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच आहे!

हा दोष नेमका कुठे, ते शोधलं कागद आणि एन्झाइम यांच्याच जोडीने. १९५६, केंब्रिज. व्हर्नन इंग्रॅमने हिमोग्लोबिनमध्ये ट्रिप्सिन घातलं. हे आपल्या स्वादुपिंडातलं एन्झाइम प्रथिनाची साखळी ठरावीक जागीच कापतं. ते तुकडे त्याने ओल्या फिल्टर पेपरवर आडवे-उभे पसरवले. निरोगी आणि सिकल, दोन्ही कागद शेजारी ठेवले तर फक्त एक ठिपका हललेला. (आमच्या भाषेत सांगायचं तर दोन फाइल्सचं डिफ घेतलं आणि एकच ओळ वेगळी निघाली.) १९५७ मध्ये ती ओळही वाचून झाली: बीटा साखळीतल्या १४६ पैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन.

पुढे १९६३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गथ्रीने नवजात बाळांच्या टाचेतला थेंब कागदावर वाळवून तपासायची पद्धत मांडली. वाळलेला थेंब साध्या पाकिटातून जातो, बर्फ नको. पण प्रथिन मोजायचं तर तो लॅबमध्ये पुन्हा भिजवा, ट्रिप्सिन घाला, बऱ्याचदा रात्रभर ३७ अंशांवर ठेवा... २०२० च्या आसपास ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळाच मार्ग काढला. ट्रिप्सिन आधीच कागदात बसवून टाकलं! थेंब पडला की कापाकापी सुरू, कागद वाळला की बंद. लॅबच्या हाती तयार तुकडेच येतात.

अर्थात, हे अजून संशोधनातलं आहे, आणि तुकडे मोजणारं मास स्पेक्ट्रोमीटर हे महागडं यंत्र काही वाडीवर येणार नाही. ते शहरातच राहणार. रक्ताच्या अशा आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था परळला केईएमच्या आवारात आहे. कर्जतहून लोकलने दोनेक तास. खरा वेळ जातो तो वाडीपासून स्टेशनपर्यंत, आणि कागद तर खिशातही मावतो.