नासपतीची तोडणी, साठवण व छाटणी : व्हर्साय येथील राजोद्यानाच्या संदर्भात

सतराव्या शतकात फ्रान्समधील अभिजन वर्गात नासपती या फळास विशेष प्रतिष्ठा प्राप्त झाली. या प्रतिष्ठेमागील बागकामाचे शास्त्र समजून घेण्यासाठी ज्याँ-बाप्तिस्त द ला कँतिनी यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. मूळचे वकील असलेल्या या गृहस्थांनी चौदाव्या लुईच्या आज्ञेवरून १६७८ ते १६८३ या काळात व्हर्साय येथे राजाचा भाजीपाला व फळबाग उभारली. जागा दलदलीची होती. ती भरून काढून सातोरीच्या टेकडीवरची सुपीक माती तेथे आणावी लागली. राजाच्या या हौसेची किंमत माती वाहणाऱ्या मजुरांनी मोजली. त्यांची नावे मात्र इतिहासात आढळत नाहीत.

नासपतीचा स्वभाव इतर अनेक फळांहून भिन्न आहे. झाडावरच पूर्ण पिकू दिल्यास तिचा गर आतून मऊ पडून नासतो. म्हणून ती कच्चीच उतरवावी लागते. फळ हलकेच आडवे उचलताच देठ सहज सुटला, तर तोडणीची वेळ आली असे समजावे. आपल्याकडे आंबा आढीत घालतात, त्याच्याशी याचे साम्य सहज लक्षात येते. फरक इतकाच की, हिवाळी नासपतीची ही प्रतीक्षा कित्येक महिन्यांची असे. ला कँतिनी यांनी ज्या ‘बाँ क्रेतियाँ’ या हिवाळी जातीस पहिला मान दिला, ती शरद ऋतूत उतरवून थेट हिवाळ्यात राजाच्या पानावर येई. त्यासाठी जाड भिंतींची, थंडीपासून सुरक्षित कोठी व फळ्यांची मांडणी आवश्यक होती. फळे वरचेवर तपासून नासकी बाजूला काढणे हे तर नित्याचेच काम.

छाटणीबाबत त्यांची भूमिका अधिकच लक्षणीय आहे. जोमदार झाडाची फांदी लांब राखावी, अशक्त झाडाची आखूड करावी. कारण अतिछाटणीने लाकूडच वाढते आणि फळांचे डोळे कमी येतात. चंद्राच्या कलांनुसार छाटणी व कलमे करण्याची रूढी त्यांनी तीस वर्षांच्या निरीक्षणाअंती निरर्थक ठरवली. दरबारी माळ्याने परंपरेला दिलेले हे आव्हान त्या काळी धाडसाचेच होते.

१६८८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ १६९० मध्ये त्यांच्या पुत्राने प्रसिद्ध केला आणि १६९३ मध्ये जॉन एव्हलिन यांच्या नावाने त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. राजाच्या कोठीतले ज्ञान अशा रीतीने सामान्य बागाइतदारांच्या परसापर्यंत पोहोचू लागले.