आयर्लंडमधील आयरिश भाषेची शालेय सक्ती

आयर्लंडच्या प्रजासत्ताकात शासकीय अनुदानावर चालणाऱ्या शाळांमध्ये आयरिश भाषा हा प्राथमिक वर्गांपासून लीव्हिंग सर्टिफिकेट या शालान्त परीक्षेपर्यंत शिकावा लागणारा विषय आहे. ही सक्ती असावी की नसावी, हा तेथील शिक्षणक्षेत्रातील व राजकारणातील जुना वादविषय होय. आयरिश ही केल्टिक गटातील भाषा असून स्कॉटिश गेलिक व मांक्स या तिच्या सर्वांत जवळच्या भाषा आहेत. १९३७ च्या राज्यघटनेच्या आठव्या अनुच्छेदाने तिला राष्ट्रभाषा या नात्याने पहिल्या अधिकृत भाषेचे, तर इंग्रजीला दुसऱ्या अधिकृत भाषेचे स्थान दिले. बहुसंख्य नागरिकांची घरची भाषा मात्र इंग्रजी आहे. या विसंगतीत वादाचे मूळ आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीत १८३१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांचे माध्यम इंग्रजी होते. १८४५ ते १८४९ च्या भीषण दुष्काळात मृत्यू व स्थलांतर यांमुळे पश्चिमेकडील आयरिशभाषक प्रदेशांची विशेष हानी झाली. नोकरी व परदेशगमनासाठी इंग्रजी आवश्यक ठरल्याने अनेक पालकांनीही मुलांशी आयरिश बोलणे सोडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही भाषा शाळेच्या वेळेबाहेर, जादा विषय म्हणून शिकवण्याची मुभा मिळाली. १८९३ मध्ये डग्लस हाइड, ओवेन मॅकनील आदींनी गेलिक लीग ही संस्था स्थापून भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ उभारली. तिच्या आग्रहामुळे १९१३ पासून नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंडच्या प्रवेशासाठी आयरिश आवश्यक करण्यात आली.

स्वातंत्र्योत्तर धोरण

१९२२ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश फ्री स्टेटने भाषेच्या पुनरुज्जीवनाची जबाबदारी प्रामुख्याने शाळांवर सोपवली. त्याच वर्षी राष्ट्रीय शाळांत रोज किमान एक तास आयरिश शिकवण्याचा नियम लागू झाला. बालवर्गांचे अध्यापन तर पूर्णपणे आयरिशमधून करण्याचे धोरण स्वीकारले गेले. १९२८ पासून इंटरमीजिएट व १९३४ पासून लीव्हिंग सर्टिफिकेट परीक्षेत आयरिशमध्ये उत्तीर्ण होणे अनिवार्य झाले. इतर सर्व विषयांत चांगले गुण मिळवूनही आयरिशमध्ये नापास झालेल्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळत नसे.

१९४१ मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने, घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना आयरिश माध्यमातून शिकवण्यावर टीका करणारा अहवाल प्रसिद्ध केला. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन मॅकनामारा यांनी अशा मुलांचे इंग्रजी व गणिती उदाहरणे सोडवण्याचे कौशल्य मागे पडत असल्याचा निष्कर्ष मांडला. त्यांच्या पद्धतीवर पुढे जिम कमिन्स यांनी आक्षेप घेतले. त्याच सुमारास लँग्वेज फ्रीडम मूव्हमेंट या संघटनेने सक्तीविरुद्ध मोहीम चालवली. नाटककार जॉन बी. कीन हे तिचे प्रसिद्ध समर्थक होते. अखेर १९७३ मध्ये प्रमाणपत्रासाठी आयरिशमध्ये उत्तीर्ण होण्याची अट रद्द झाली. विषय शिकण्याची सक्ती मात्र कायम राहिली.

समर्थकांची भूमिका

समर्थकांच्या मते आयरिश हा सर्व नागरिकांचा समाईक वारसा आहे व तो प्रत्येक मुलापर्यंत पोहोचवण्याचे शाळा हेच एकमेव सार्वत्रिक साधन आहे. विषय ऐच्छिक झाल्यास लहान व ग्रामीण शाळांत तो बंद पडेल, शिक्षकांची संख्या घटेल आणि भाषा केवळ उत्साही कुटुंबांपुरती उरेल, अशी त्यांना भीती वाटते. गणित व इंग्रजीप्रमाणे मूलभूत विषयाला निवडीचा निकष लावू नये, असेही ते म्हणतात.

विरोधकांची भूमिका

तेरा-चौदा वर्षे शिकूनही अनेकांना साधे संभाषण जमत नाही, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा आहे. सक्तीमुळे भाषेविषयी प्रेमाऐवजी तिटकारा निर्माण होतो, असे ते मानतात. या संदर्भात पेग सेयर्स या वृद्ध कथनकर्तीच्या आत्मकथनाचे उदाहरण नेहमी दिले जाते. अनेक वर्षे पाठ्यपुस्तक राहिलेले हे पुस्तक शहरी विद्यार्थ्यांना कंटाळवाण्या अध्यापनाचे प्रतीक वाटू लागले. आयरिशचा वेळ विज्ञान किंवा आधुनिक परकीय भाषांना द्यावा, असाही युक्तिवाद केला जातो. दोष सक्तीचा नसून अध्यापनपद्धतीचा आहे, अशी तिसरी भूमिकाही आढळते. तिच्याशी सुसंगत अशा बदलात २०१२ पासून लीव्हिंग सर्टिफिकेटच्या आयरिश विषयात तोंडी परीक्षेचा वाटा ४० टक्के करण्यात आला.

सद्यस्थिती

फिने गेल पक्षाचे नेते एन्डा केनी यांनी २००५ मध्ये लीव्हिंग सर्टिफिकेटसाठी आयरिश ऐच्छिक करण्याचा प्रस्ताव मांडला. २०११ च्या निवडणुकीतही पक्षाने तो पुढे केला. परंतु सत्तेवर आल्यानंतर तो अमलात आला नाही. परदेशातून उशिरा आलेल्या किंवा वाचन-लेखनात गंभीर अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांना ठरावीक निकषांनुसार सूट मिळते. प्राथमिक शिक्षक होण्यासाठी मात्र आयरिशचे ज्ञान आवश्यक आहे.

२०२२ च्या जनगणनेत तीन वर्षे व त्यावरील सुमारे १८.७४ लाख लोकांनी, म्हणजे ४० टक्क्यांनी, आयरिश बोलता येत असल्याचे सांगितले. शिक्षणव्यवस्थेबाहेर रोज ती बोलणारे सुमारे ७२ हजारच होते. पहिला आकडा समर्थक शाळांच्या यशाचा पुरावा मानतात, तर दुसरा विरोधक अपयशाचा. दरम्यान गेलस्कॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयरिश माध्यमाच्या शाळा पालकांच्या पुढाकाराने शहरांतही वाढल्या आहेत.

अन्य प्रदेशांशी तुलना

युनायटेड किंग्डमचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश शिकणे अनिवार्य नाही. तेथे तिला २०२२ च्या कायद्याने अधिकृत मान्यता मिळाली. स्कॉटलंडमध्ये गेलिक सर्वांसाठी सक्तीची नाही, तर वेल्समधील अनुदानित शाळांत वेल्श भाषा सोळाव्या वर्षापर्यंत अनिवार्य आहे.