इतिहासांत न लिहिलेलीं नांवें

वर्धा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यांतील आष्टी हें गांव महाराष्ट्राला ठाऊक आहे तें १९४२ च्या ऑगस्ट महिन्यामुळें. ‘चले जाव’चा ठराव मुंबईस ८ ऑगस्टला झाला, पुढारी दुसऱ्याच दिवशीं पहांटे धरले गेले, आणि पुढें आठवडाभरांत त्या ठरावाचा अर्थ विदर्भांतील खेड्यांनीं आपापल्या परीनें लावला. १६ ऑगस्टला, ऐन नागपंचमीच्या दिवशीं, आष्टीचा जमाव राष्ट्रध्वज लावण्यासाठीं पोलीस ठाण्यावर गेला. पोलिसांनीं गोळी चालविली, माणसें पडलीं, मग जमावाचाहि तोल सुटला आणि ठाण्यांतील पोलीस मारले गेले. त्याच दिवशीं तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथेंहि असाच उठाव झाला. पुढें धरपकड, खटले, फांशीच्या शिक्षा आणि १९४५ मध्यें त्या शिक्षांची जन्मठेप, एवढा वृत्तान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. आष्टीला लोक आज ‘शहीद आष्टी’ असेंच म्हणतात.

हा वृत्तान्त कोठून मिळतो, हें मात्र क्षणभर पाहिलें पाहिजे. तो मिळतो पोलिसांच्या अहवालांतून, न्यायालयाच्या निकालांतून, तुरुंगाच्या पटांतून आणि पुढें स्वातंत्र्यसैनिकांच्या याद्यांतून. हे सर्व कागद एका ठराविक प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं जन्मास आलेले असतात. कोणीं मारलें, कोण मेलें, कोणास किती शिक्षा झाली, हा तो प्रश्न होय. ज्या घरचा कर्ता पुरुष धरला गेला त्या घरचें शेत त्या खरिपांत कोणीं निंदलें, वकिलाच्या फीसाठीं कोणाच्या अंगावरचें सोनें गेलें, पोलीस दारांत आले तेव्हां घरांत कोण होतें आणि तिनें त्यांना काय सांगितलें, हें त्या कागदांना कोणीं विचारलेंच नव्हतें. म्हणून त्याचें उत्तरहि त्यांत मिळत नाहीं. नागपंचमी हा तर बायकांचा सण. वारुळाची पूजा, झोके, माहेरीं आलेल्या लेकी, यांनीं त्या दिवशीं गांव भरलेलें असतें. अशा दिवशीं घडलेल्या घटनेच्या इतिहासांत बायका दिसूं नयेत, हा दोष त्या दिवसाचा नव्हे. तो इतिहास लिहिण्याच्या रीतीचा आहे.

चिमूरच्या बाबतींत स्त्रियांचा आवाज कागदावर उमटला, पण तो कशा प्रकारें? उठाव मोडण्यासाठीं आलेल्या सैनिकांनीं व पोलिसांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढें आल्या. नागपूरहून कांहीं स्त्रिया चिमूरला गेल्या आणि तेथील बायकांचीं गाऱ्हाणीं त्यांनीं ऐकून घेतलीं. सेवाग्राम आश्रमांतील भणसाळी यांनीं चौकशीच्या मागणीसाठीं उपोषण आरंभिलें. तें साठ दिवसांहून अधिक चाललें आणि जानेवारी १९४३ मध्यें संपलें. दरम्यान सरकारनें या विषयावरील बातम्यांनाच बंदी केली होती. फांशीच्या शिक्षा झालेल्या आष्टी-चिमूरच्या आरोपींसाठीं ज्यांनीं अविश्रांत खटपट केली त्यांत नागपूरच्या अनसूयाबाई काळे या अग्रभागीं होत्या. १९३७ मध्यें मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाच्या उपाध्यक्षा झालेल्या आणि पुढें १९५२ मध्यें नागपूरहून लोकसभेवर निवडून गेलेल्या या बाईंचें नांव आष्टीच्या इतिहासांत सांगितलें जातें, आणि तें योग्यच आहे.

तथापि एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. इतिहासाच्या पानांवर स्त्री आली तर ती बहुधा दोन रूपांत येते. एक तर तिच्यावर अन्याय झालेला असतो, नाहीं तर दुसऱ्यांवर झालेल्या अन्यायाची दाद मागणारी अशी ती सुशिक्षित व प्रतिष्ठित बाई असते. स्वतःच्या निश्चयानें, स्वतःच्या प्रश्नासाठीं, स्वतःच्या पायांनीं चालत आलेली सामान्य स्त्री तेथें क्वचितच भेटते. ती नव्हती काय? आष्टीच्या घटनेच्या अवघे चार आठवडे आधीं ती नागपूरला हजारोंच्या संख्येनें जमली होती.

जुलै १९४२ मध्यें नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म याच परिषदेंत झाला. तिच्याच मांडवांत २० जुलैला दलित स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली आणि सुलोचनाबाई डोंगरे या तिच्या अध्यक्षा होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तेथें भाषण करून समाजाची प्रगति ही त्यांतील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असा विचार मांडला. तें भाषण पुष्कळांच्या स्मरणांत आहे. परंतु त्या परिषदेनें केलेले ठराव किती जणांस माहीत आहेत? स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा, पुरुषाला एकाहून अधिक बायका करण्यास कायद्यानें मनाई असावी, गिरण्यांतून व विडीच्या कारखान्यांतून राबणाऱ्या स्त्रियांना रजा व इतर सवलती मिळाव्या, कायदेमंडळांत स्त्रियांना प्रतिनिधित्व असावें, अशा मागण्या त्यांत होत्या. हिंदु विवाहाचा कायदा १९५५ मध्यें झाला. म्हणजे त्याच्या तेरा वर्षें आधीं, ज्यांपैकीं बहुसंख्य स्त्रियांना अक्षरओळखहि नव्हती, त्यांनीं त्याचीं दोन मुख्य कलमें हात वर करून मंजूर केलीं होतीं.

ही हकीकत आज सांगतां येते, याचें बरेंचसें श्रेय दोन स्त्रियांकडे जातें. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या त्या दोघी होत. त्यांचें ‘आम्हीही इतिहास घडवला’ हें पुस्तक १९८९ मध्यें प्रसिद्ध झालें. आंबेडकरी चळवळींतील स्त्रियांचा सहभाग हा त्याचा विषय. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० पासूनचा नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, नागपूरची परिषद, १९५६ चें धर्मांतर, या सर्वांवर तोंवर पुष्कळ लिहिलें गेलें होतें. त्या लेखनांत सभेला ‘स्त्रियाहि मोठ्या संख्येनें हजर होत्या’ एवढें वाक्य येई आणि लेखणी पुढें जाई. या दोघींनीं त्या एका वाक्यावर थांबून विचारलें कीं, त्या स्त्रिया कोण होत्या? मग जुन्या पत्रांतील वृत्तान्त चाळून आणि जिवंत असलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांना भेटून त्यांनीं एकेक नांव, एकेक आयुष्य गोळा केलें. वंदना सोनाळकर यांनीं केलेला त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्यें निघाला आणि महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांनाहि तो उपलब्ध झाला.

या आयुष्यांतील एक विदर्भातलेंच आहे. जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ चा. लहान वयांत लग्न झालेल्या आणि गरिबींत वाढलेल्या जाईबाई कामठीच्या रेल्वे स्टेशनवर ओझीं वाहण्याचें काम करीत. एका मिशनरी बाईंनीं त्यांना शिकविलें व शाळेंत नोकरी दिली. परंतु शिक्षिका अस्पृश्य आहे म्हणून पालकांनीं मुलें पाठविण्याचें नाकारलें आणि ती नोकरी सुटली. पुन्हां डोक्यावर ओझें आलें. तरी या बाईनें १९२२ मध्यें नागपूरला चोखामेळ्याच्या नांवानें मुलींची शाळा काढली. १९३७ मध्यें नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेंत भोजनाच्या वेळीं त्यांना वेगळें बसविण्यांत आलें, तेव्हां दलित स्त्रियांनीं सभा घेऊन त्या वागणुकीचा निषेध केला. सर्व स्त्रियांच्या वतीनें बोलूं पाहणाऱ्या परिषदेलाहि कोणत्या स्त्रिया दिसतात आणि कोणत्या दिसत नाहींत, हा प्रश्न जाईबाईंच्या चरित्रानें विचारला आहे.

येथें स्त्रियांच्या इतिहासाचे दोन मार्ग वेगळे होतात. ज्या स्त्रियांनीं लिहिलें त्यांच्या इतिहासाला कागदाचा आधार असतो. डॉ. मीरा कोसंबी यांनीं पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी आणि काशीबाई कानिटकर यांचीं पत्रें, आत्मवृत्तें व पुस्तकें यांवरून एकोणिसाव्या शतकांतील स्त्रीजीवनाचें जें दर्शन घडविलें तें या पहिल्या मार्गाचें उत्तम उदाहरण होय. परंतु ज्या स्त्रीनें आयुष्यांत एकहि पत्र लिहिलें नाहीं तिचें काय? तिचा इतिहास तिच्या तोंडीं असतो आणि तिच्याबरोबरच तो जातो. तो मिळवावयाचा तर तिच्या ओसरीवर जाऊन बसावें लागतें. तिला सालें सांगतां येत नाहींत. थोरल्या मुलाचा जन्म, दुष्काळ, प्लेग, गांवांत पडलेली धाड, यांच्या आधाराने ती काळ मोजते. आपण कांहीं विशेष केलें असें तिला वाटतच नाहीं. शिवाय स्मरणशक्ति चुकते, दोन प्रसंग एकांत मिसळतात. म्हणून तिचें सांगणें वर्तमानपत्राशीं, दुसरीच्या सांगण्याशीं ताडून पाहावें लागतें. मात्र पोलिसांचा अहवालहि असाच ताडून पाहावा लागतो, हें विसरतां कामा नये. चूक दोन्हींकडे असूं शकते. एकीकडे ती सही-शिक्क्यानिशीं असते, इतकेंच.

हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नायजेरियांत १९२९ च्या अखेरीस असाच प्रसंग घडला. त्या देशाच्या आग्नेय भागांत पुरुषांवर कर बसला होता. आतां बायकांचीहि मोजदाद होऊन त्यांच्यावर कर बसणार अशी शंका आली आणि इग्बो व इबिबिओ जमातींच्या हजारों स्त्रिया उठल्या. इंग्रजांनीं नेमलेल्या गांवप्रमुखांच्या दारांत ठाण मांडून, गाणीं म्हणून त्यांनीं त्यांना जाब विचारला. सरकारनें गोळ्या चालविल्या आणि पन्नासांहून अधिक स्त्रिया मरण पावल्या. सरकारी दप्तरांत या घटनेची नोंद ‘आबाचे दंगे’ अशी झाली. त्या स्त्रिया स्वतः मात्र तिला ‘बायकांचें युद्ध’ म्हणत. दंगा म्हटलें कीं विचारहीन गर्दी डोळ्यांपुढें येते. युद्ध म्हटलें कीं हेतु, योजना आणि पुढारी यांचा शोध घ्यावा लागतो. पुढच्या काळांतील अभ्यासकांनीं, विशेषतः नीना म्बा यांनीं १९८२ च्या आपल्या ग्रंथांत, तो शोध घेतला. आष्टीच्या उठावालाहि त्या वेळच्या सरकारनें केवळ दंगल व खून एवढेंच मानलें होतें. शब्दाची निवड हा इतिहासाचा अर्धा निकाल असतो.

त्याच देशांतील बोलान्ले आवे या इतिहासकार बाईंनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. इबादानच्या विद्यापीठांत त्या अध्यापन करीत. योरुबा लोकांत माणसांचीं, घराण्यांचीं व नगरांचीं स्तुतिपर कवनें म्हणण्याची चाल आहे. त्यांना ‘ओरिकी’ म्हणतात. अशीं कवनें इतिहासाचें साधन म्हणून कशीं वापरावींत, हें आवे यांनीं १९७४ च्या एका निबंधांत दाखविलें. योरुबा नगरांत ‘इयालोदे’ हें स्त्री-प्रमुखाचें पद होतें. त्या पदाला किती राजकीय वजन होतें, हेंहि त्यांनीं साधार मांडलें. आफ्रिकेची स्त्री ही मुकी व पराधीनच होती, या समजाला त्यामुळें धक्का बसला. १९९२ मध्यें नायजेरियन स्त्रियांच्या इतिहासावरील एक निबंधसंग्रहहि त्यांनीं संपादिला.

ओरिकीचें नांव ऐकतांच मराठी माणसाला जात्यावरची ओवी आठवल्यावांचून राहणार नाहीं. पहांटेच्या अंधारांत दळतांना बाईनें जें म्हटलें तें कोणास ऐकविण्यासाठीं नव्हतें. म्हणूनच त्यांत सत्य अधिक आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं पुण्याहून हें काम हातीं घेतलें आणि गांवोगांवच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बाप, भाऊ, सासर, विठ्ठल हे विषय आहेतच. पण बाबासाहेबांवरच्या ओव्याहि आहेत. चळवळ जात्यापर्यंत पोंचली होती याचा याहून बळकट पुरावा कोणता? आतां गांवोगांव पिठाच्या गिरण्या झाल्या. जातें थांबलें आणि नवी ओवी जन्मास येण्याचें मुख्य कारणहि थांबलें. संग्रहांत जें आलें तें राहिलें. जें आलें नाहीं तें गेलें.

यावरून या कामाची निकड समजून येईल. दगडाचा लेख हजार वर्षें वाट पाहतो, कागद शंभर वर्षें पाहतो. माणसाची आठवण मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं आष्टींत जी मुलगी दहा वर्षांची होती ती आज हयात असल्यास नव्वदी ओलांडून गेलेली आहे. ठाण्याकडून आलेला गोळीचा आवाज, त्या रात्रीं न पेटलेली चूल, घरांतल्या मोठ्या बायकांचें कुजबुजणें, हें ज्यांनीं प्रत्यक्ष अनुभविलें असेल अशा व्यक्ति आतां बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या असणार. त्यांच्याकडून त्यांच्या लेकीसुनांनीं ऐकलेलें मात्र अजून ऐकतां येईल.

मून आणि पवार यांनीं जें केलें त्याला मोठें द्रव्यबळ लागलें नव्हतें. प्रश्न नीट विचारणें, उत्तर मध्येंच न तोडतां ऐकून घेणें, ऐकलेलें तसेंच उतरून ठेवणें आणि मग ताडून पाहणें, एवढेंच त्याचें साहित्य. तें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांच्याहि आवांक्यांतलें आहे. ज्या घरांत शिवरायांपासून स्वराज्यापर्यंतचा इतिहास मुलांना पाठ असतो, त्या घरांत पणजीचें माहेरचें नांव पुष्कळदां कोणासच सांगतां येत नाहीं. हुताम्यांचीं नांवें शिळेवर कोरलेलीं आहेत आणि तीं तशींच राहावींत. त्या शिळेच्या खालीं ज्यांचीं नांवें कोरली गेलीं नाहींत, तीं निदान वहींत उतरलीं, तर इतिहास तितका पुरा होईल.