सूर्यासमोर कॅमेरा

सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढावा, हा छायाचित्रणातला जुना दंडक गरजेतून आला. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर ओल्या कलोडियनचा थर देण्याची पद्धत जाहीर केली. निगेटिव्हवर बारीकसारीक तपशील उमटू लागले; पण ही काच निळ्या उजेडाला फार संवेदनशील आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळी होती. जमीन नीट यावी म्हणून वेळ दिला, तर आकाश कोरे पांढरे व्हायचे. आकाशापुरताच वेळ दिला, तर झाडे-माणसे काळी पडायची. सूर्योदयाचा तांबूस उजेड तर तिच्यावर फारसा उमटतच नसे.

यातून वाट काढली ती मुळात चित्रकार असलेल्या गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने. १८५६ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांनी ढगांतल्या सूर्याकडे कॅमेरा रोखून दोन डोलकाठ्यांचे एक जहाज टिपले. पाण्यावरून उसळणारा उजेड इतका प्रखर होता की अगदी थोडक्या वेळात काम भागले. एकाच निगेटिव्हवर ढगही आले आणि लाटाही. जहाज मात्र क्षितिजाशी चिमुकल्या काळ्या आकृतीएवढे उरले. त्याची प्रत इतकी गडद होती की ती लंडनमध्ये मांडली गेली तेव्हा दिवसाढवळ्या घेतलेले हे दृश्य अनेकांना चांदण्यातले वाटले. एरवी ल ग्रे समुद्र आणि आकाश वेगवेगळे टिपून क्षितिजरेषेवर जोडत. त्यांचे एकच आकाश निरनिराळ्या समुद्रांवर सापडते. ही लबाडी म्हणावी, तर त्या काळी दुसरा इलाजही फारसा नव्हता.

१८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी रंजकद्रव्ये मिसळून काचेला हिरवा-पिवळा उजेड दाखवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाल रंगही पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. सूर्य चौकटीत आला की लेन्सच्या आत उजेड इकडेतिकडे परावर्तित होऊन काळ्या भागावर धुरकट पडदा पसरे. १९३५ मध्ये झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी लेन्सवर पातळ थर चढवण्याची युक्ती काढली आणि काळे खरोखर काळे राहू लागले. त्याच वर्षी आलेली कोडाक्रोम ही रंगीत पारदर्शिकांची फिल्म एक्स्पोजरची चूक फारशी खपवून घेत नसे. त्यामुळे आकाशाचे मोजमाप घ्यायचे आणि पुढचे सारे काळे पडू द्यायचे, ही अनेकांची रीत झाली. जो दोष होता, तो इथवर पसंतीचा भाग बनला होता.

काळ्या आकृतीत चेहरा, कपडा, पोत सारेच जाते. उरते ती फक्त कड. म्हणून माणूस समोरून घेतला तर नुसता ठोकळा दिसतो, बाजूने घेतला तर नाक-हनुवटी बोलू लागतात. हात अंगाला चिकटलेले नकोत, दोन माणसांमध्ये फट हवी. डोके क्षितिजरेषेत अडकू नये म्हणून कॅमेरा गुडघ्याएवढा खाली आणला जातो. बैलजोडी असेल तर शिंगे आकाशावर सुटी दिसेपर्यंत थांबावे लागते. आणि थांबायला वेळ थोडा. विषुववृत्ताजवळ सूर्यबिंब क्षितिजावर पूर्ण यायला दोन मिनिटांहून किंचित अधिक लागतात, पुढे उजेड झपाट्याने कडक होतो.

डिजिटल सेन्सरवर जळून गेलेले आकाश परत मिळत नाही, त्यामुळे आकाशाचे मोजमाप आजही चालू आहे. मोबाइल मात्र अनेक एक्स्पोजर एकत्र करून सावल्या आपणहून उजळतो. काळी आकृती हवी असेल तर पडद्यावर आकाशाला बोट लावून उजेड मुद्दाम उतरवावा लागतो.