बारा गजी तोफेची लांबी

कलबुर्गीच्या, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्ग्याच्या, बहमनी किल्ल्यात ‘बारा गजी’ नावाची तोफ आहे. तिची लांबी 29 फूट सांगतात. गज तीन फुटांचा धरल्यास बारा गजांचे 36 फूट व्हावयास हवेत. मग उरलेले सात फूट गेले कोठे? तोफेचे तोंड कधी काळी कापले गेले काय?

निवाड्यापूर्वी मोजपट्टीचीच चौकशी केली पाहिजे. तीन फुटांचा गज म्हणजे इंग्रजी वार. जुने गज देशपरत्वे व कालपरत्वे बदलत; अकबराचा इलाही गज इंग्रजांनी पुढे 33 इंचांचा धरला. 29 इंचांचा गज मानल्यास हिशेब तंतोतंत जुळतो. परंतु केवळ जुळतो म्हणून तो खरा ठरत नाही.

खरी साक्ष धातूची. बीदरच्या किल्ल्यातील घडीव तोफांत लोखंडाच्या लांब पट्ट्यांवर कडी चढविलेली आहेत. तापवून चढविलेले कडे निवताना आकसून घट्ट बसते. अशी तोफ नंतर कापली, तर मुखाशी पट्ट्या व कडी यांचे थर उघडे पडतात. ओतीव तोफ कापली, तर मुखाचा जाड काठ नाहीसा होतो. म्हणून केवळ नावावरून तोफेला खंडित ठरवू नये. आधी तिचे मुख पाहावे.